तळ स्वच्छ आहे

अकरा वर्षांपूर्वी मी एका कागदावर सही केली होती. बावीस पानी अहवालाचं ते शेवटचं पान होतं आणि त्यावरचं शेवटचं वाक्य होतं, 'दरीचा तळ स्वच्छ आहे.' त्या वाक्याच्या जोरावर बंदरखात्याला परवाना मिळाला. बंदरात साचलेला गाळ त्यातल्या कचऱ्यासकट उपसायचा, बोटीत भरायचा आणि किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर, समुद्राखाली जी मोठी दरी आहे तिच्या काठावर नेऊन सोडायचा. परवान्याची अट नव्हती तेव्हापासून तिथे सोडला जाणारा गाळ काठावरच बसतो, खाली दरीत काही जात नाही, हे मी चित्रांनिशी दाखवून दिलं होतं. आता परवान्याची मुदत संपत आली होती आणि त्याच वाक्याखाली माझी सही पुन्हा हवी होती.

या वेळी मी अडून बसले. म्हटलं, आधी तळ डोळ्यांनी बघेन, तिथला गाळ नळ्यांत भरून वर आणेन, मग सही. मागच्या वेळी आम्ही जहाजामागे दोराला कॅमेरा बांधून फिरवला होता आणि मी वर खुर्चीत बसून चित्रं मोजली होती. समुद्राच्या तळाची तज्ज्ञ म्हणून आमच्या संशोधन संस्थेत माझं नाव झालं, पण त्या तळाला मी कधी भेटलेच नव्हते! शिवाय गेल्या वर्षी खोल पाण्यात मासे धरणाऱ्या एका जहाजाने मला एक पाकीट पाठवलं होतं. त्यात गळाला लागून आलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आमच्याच बंदरातल्या औषधाच्या दुकानाची. एखादी पिशवी कुठूनही वाहत येते, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःला मात्र ते पटवता येईना.

खाली जाणारे आम्ही तिघं. पाणबुडी चालवणारे माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. हा माणूस इतका सावकाश की चहा निवल्याची खात्री करूनच पहिला घोट घेतो, पण खोल पाण्यात त्यांच्याएवढ्या खेपा आमच्याकडे दुसऱ्या कोणाच्या नाहीत. दुसरे बंदरखात्याचे निरीक्षक. नमुने खरोखर तळावरूनच घेतले, याची साक्ष द्यायला त्यांना पाठवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल आणि चेहरा दात काढायला आलेल्या माणसाचा. तिसरी मी. मला एका जागी बसवत नाही म्हणून घरात मला भिंगरी म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. वर जहाजावर पाण्यातल्या फोनपाशी माझी ताई होती. नवरा आणि बहीण एकाच पाणबुडीत बसून खाली जाणार, म्हणून ती सकाळपासून दोघांवरही खेकसत होती.

त्या पाणबुडीला आम्ही हंडा म्हणतो. जाड धातूचा पोकळ गोळा, आत तिघांनी गुडघे पोटाशी घेऊन बसावं एवढी जागा, आणि पुढे नि दोन बाजूंना मिळून ताटलीएवढ्या तीन खिडक्या. बाहेर पंखे, दिवे, एक यांत्रिक हात आणि पुढच्या अंगाला नमुन्यांची टोपली. पोटाखाली डाव्या-उजव्या बाजूला लोखंडी वजनं. वजनांच्या भाराने हंडा बुडतो. काम झालं की वजनं तळावर सोडून द्यायची, हंडा हलका होऊन आपोआप वर येतो. आमची सगळी भिस्त त्या वजनांवर.

झाकण लावण्याआधी ताईने आत डोकं घातलं.

"दर पाव तासाने खोली सांगायची. आणि भिंगरे, साडेअकराला निघायचं म्हणजे साडेअकराला. तुझी ती 'आणखी पाच मिनिटं' मला पाठ आहेत."

"मी कधी उशीर केलाय?"

"स्वतःच्या लग्नाला," भाऊजी म्हणाले आणि झाकणाचा खटका तपासू लागले.

साडेअकराला कारण होतं. दरीच्या तळाशीही भरती-ओहोटी पोचते. दुपारी बाराच्या सुमाराला तिथलं पाणी उलटतं, अरुंद दरीत त्याचा जोर कोंडतो आणि तळावरून जोराचा प्रवाह सुरू होतो. त्या वेळी हंड्याचे पंखे कमी पडतात.

आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही पाण्यात उतरलो. खिडकीतला हिरवा रंग निळा झाला, निळा जांभळट झाला, आणि अडीचशे मीटरच्या आसपास उरलासुरला उजेडही गेला. भाऊजी दिवे लावत नाहीत; तळासाठी वीज राखून ठेवतात. त्या काळोखात बाहेर मधूनच एखादी निळसर ठिणगी चमकायची, कधी ठिणग्यांची आख्खी माळ हळूहळू वर जायची, आणि ती माळ वर जात नसून आपण खाली चाललो आहोत, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं. आत थंडी वाढत गेली. आमच्याच श्वासाचं पाणी भिंतीवर साचून मानेवर टपटपू लागलं. मी चार वेळा नळ्या मोजल्या, तीन वेळा घड्याळ पाहिलं, दोनदा भाऊजींना विचारलं की वेग वाढवता येतो का.

"येतो ना," ते म्हणाले. "तू बाहेर उतरून ढकल."

निरीक्षक बाजूच्या खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. मला वाटलं, चला, माणूस निदान मन लावून बघतोय.

साडेनऊला आम्ही दरीच्या उतारावर पोचलो. खोली दोन हजार चारशे मीटर. भाऊजींनी दिवे लावले आणि मी खिडकीला नाक लावलं. समोर मऊ, करड्या चिखलाचा उतार पसरला होता, आणि त्यावर दोन-तीन समुद्रकाकड्या, काकडीच्या आकाराचे मऊ जीव, आपापल्या कामाने चालल्या होत्या. पायांसारख्या लांब परांचा एक पांढरा मासा शेपटी टेकवून उभा होता. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. हंड्याच्या कॅमेऱ्याशेजारी दोन लेझर आहेत. त्यांचे दोन हिरवे ठिपके तळावर नेमके दहा सेंटिमीटर अंतरावर पडतात. चित्रात ठिपके असले की समोरची वस्तू केवढी आहे, तळ किती दूर आहे, हे मोजता येतं. त्या चिखलावर ठिपके असे लख्ख पडले होते की मला हसू आलं.

यांत्रिक हाताने मी एक नळी चिखलात रोवली. अलगद गेली. दुसरी, तिसरी. नळीच्या काचेतून थर दिसत होते. करडा, तपकिरी, पुन्हा करडा. प्लॅस्टिकचा एक धागासुद्धा नाही. माझं वाक्य खरं होतं! वर्षभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मी निरीक्षकांना म्हणाले, "साहेब, बघताय ना?"

"हं," ते म्हणाले.

"झालं तर मग," भाऊजी म्हणाले. "अकरा वाजलेत. तीन नळ्या मिळाल्या. वर जाऊन जेवू."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण चौथी नळी रिकामी होती, आणि रिकामी नळी मला बघवत नाही. शिवाय आम्ही होतो उतारावर. दरीची मधली नाळ, म्हणजे सगळ्यात खोल चर, जिथे सगळं घरंगळून जमा व्हायचं, ती अजून शे-दोनशे मीटर पुढे होती.

"नाळेत एक नळी. फक्त एक. आणखी पाच मिनिटं, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि एक मोठा सुस्कारा टाकून पंखे सुरू केले. या एका सुस्काऱ्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्या सुस्काऱ्यातून ते नको म्हणत होते आणि मी ते ऐकलं नाही.

उतार संपता संपता पहिली बाटली दिसली. प्लॅस्टिकची, आडवी, आणि तिच्या बुडावर एक समुद्रफूल घर करून बसलेलं. मी तिची नोंद केली. मग एक चप्पल. मग खोक्याची अर्धी बाजू, दोराचं भेंडोळं, टायर. टायरच्या आत एक खेकडा पाय दुमडून बसला होता. मी नोंद करत गेले, आणि थोड्या वेळाने माझा हात थांबला, कारण नोंद करायला वस्तू वेगळ्या दिसेनातच. समोरचा तळच फिकट झाला होता. तो हलत होता. चिखल असा हलत नाही.

"खाली किती आहे?" मी विचारलं.

"तेच बघतोय," भाऊजी म्हणाले. "ठिपके कुठे गेले?"

ठिपके नव्हते. दोन्ही लेझर चालू होते, पण खाली कुठेही हिरवा ठिपका पडत नव्हता. नुसती अंधुक हिरवी झाक सगळीकडे पसरलेली. खाली पातळ प्लॅस्टिक होतं. पिशव्या, वेष्टनं, ताडपत्रीच्या फाटक्या पट्ट्या, एकावर एक, किती थर कोण जाणे. त्यात उजेड शिरत होता, फुटत होता, इकडेतिकडे पांगत होता. ठिपका उमटायला घट्ट तळच नव्हता.

आणि मला माझा जुना नियम आठवला.

अकरा वर्षांपूर्वी दोराला बांधलेल्या कॅमेऱ्याने चार हजार चित्रं काढली होती. सगळी मोजणं शक्य नव्हतं, म्हणून मी एक नियम घातला. ज्या चित्रात दोन्ही ठिपके स्पष्ट दिसतात, तेवढंच मोजायचं. ठिपके नसतील तर कॅमेरा तळापासून फार उंच असणार किंवा चिखल उडालेला असणार, म्हणून ते चित्र बाद. सोपा, काटेकोर, कोणालाही शिकवता येईल असा नियम. पुढे दुसऱ्या तीन बंदरांनी तो उचलला, तेव्हा मी इतकी खूश झाले की पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. त्या नियमाने मी तेराशे चित्रं बाद केली. बहुतेक सगळी याच नाळेतली. ती अंधुक, दुधाळ, हिरवट चित्रं मला आता एकेक करून आठवू लागली. कॅमेरा उंच नव्हता. चिखल उडाला नव्हता. तेव्हाही बंदरातली वर्षानुवर्षांची घाण इथे येऊन पडलेली होती. मी मोजायला निघाले होते तेच नेमकं वेचून वेचून कचऱ्यात टाकलं होतं, आणि उरलेल्या चित्रांकडे बघून लिहिलं होतं, तळ स्वच्छ आहे.

आणि त्यावर अकरा वर्षं बोटी रित्या झाल्या होत्या.

"भाऊजी," मी म्हणाले, "मला हे उचलायचंय. थोडं खाली घ्या."

"ठिपके नाहीत. तळ किती लांब आहे, मला कळत नाहीये. मी मागे घेतो."

"वरचा एक थर! हात पुरेल एवढंच खाली."

माझ्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, पण आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने घाई केली. हंडा खाली सरकला. मी यांत्रिक हाताने एक मोठी पट्टी धरली, ओढली, टोपलीत कोंबली. तिच्यामागून पिशव्यांची रांग आली. त्यातल्या एकीवर बंदराच्या धक्क्यावरच्या भांडारगृहाचं नाव वाचता येत होतं. हाच पुरावा! मी दुसरी धरली.

तेवढ्यात तळ उठला.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. पाणी उलटलं होतं. नाळेतून प्रवाह आला आणि त्याने तो सगळा ढीग गोधडीसारखा उचलला. समोरची खिडकी पांढरी झाली. डाव्या पंख्याचा आवाज चढला, किंचाळला, बंद पडला. मग उजवा! हंडा गर्रकन फिरला, कशावर तरी आपटला. माझं डोकं भिंतीवर आदळलं. फाईलमधले कागद आमच्या मांड्यांवर पसरले. मग एकाएकी सगळं शांत झालं. बाहेरून फक्त प्लॅस्टिक घासल्याचा आवाज येत होता. सळसळ, सळसळ.

"वजनं सोडतो," भाऊजी शांतपणे म्हणाले.

डावीकडे ठक् आवाज झाला. हंडा डाव्या अंगाने उचलला गेला. उजवीकडे ठक् आवाज झाला, पण काही सुटलं नाही. हंडा उजव्या कुशीवर कलून तसाच राहिला. उजवी वजनं खटक्यातून सुटली होती, पण खाली पडायला जागाच नव्हती. दोर आणि पट्ट्यांच्या जाळ्याने ती हंड्याच्या पोटाशी गच्च धरून ठेवली होती.

हंडा हलका व्हावा म्हणून भाऊजींनी त्याच्या टाक्यांतलं पाणी बाहेर पंप केलं. हंडा कुरकुरला, तसूभर हलला, थांबला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

फोन खरखरला. ताईचा आवाज इतक्या खोलवर पोचायला दीड सेकंद लागतो आणि उत्तर वर जायला तेवढाच.

"बारा वाजले. साडेअकराला निघायचं ठरलं होतं ना? खोली सांगा. कुठे आहात?"

"तळावर," भाऊजी म्हणाले. "थोडा वेळ लागतोय."

तीन सेकंद गेले. मग पाच.

"सोळा वर्षं झाली लग्नाला," ताई म्हणाली. "तुम्ही 'थोडा वेळ' म्हणता तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. काय अडकलंय?"

त्यांनी सांगितलं. काहीही न लपवता, एकेक गोष्ट, नेहमीच्याच सावकाश आवाजात. आत हवा दोन दिवसांची होती. आमच्यापर्यंत पोचू शकेल अशी दुसरी पाणबुडी यायला आठवडा लागला असता. हा हिशेब तिघांनाही येत होता, चौथी वर होती तिलाही.

"पुढची टोपली," ताई एवढंच म्हणाली.

मी टोपलीकडे पाहिलं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिचा एक कोना दिसत होता. दोराचे चार फेरे तिच्या सांगाड्याला बसले होते आणि ते खाली वजनांपर्यंत गेले होते. टोपली सोडली तर जाळं सैल पडण्याची शक्यता होती. ती सोडायचा दांडा माझ्या बाजूला होता, लाल झाकणाखाली. भाऊजींचा हात तिथवर पोचत नव्हता.

टोपलीत तीन नळ्या होत्या. टोपलीत त्या पिशव्या होत्या. कॅमेरा टोपलीच्याच दांडीवर बसवलेला होता आणि त्याने टिपलेलं सगळं त्याच्याच पोटात होतं. टोपली गेली की या नाळेत काय आहे, हे सांगायला माझ्या आणि माझ्याच घरच्या माणसाच्या शब्दापलीकडे काही उरणार नव्हतं. आणि माझा शब्द काय लायकीचा होता, ते मला थोड्या वेळापूर्वीच कळलं होतं.

"दुसरं काही करता येईल?" मी विचारलं.

"येईल की. दोन दिवस इथे बसून गप्पा मारू. साहेबांची ओळख वाढेल."

"भाऊजी, थट्टा नको. एकदा टाक्या पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. पंपाने कण्हत कण्हत शेवटचं पाणी बाहेर टाकलं. हंडा हलला नाही. वीज बारा टक्क्यांनी उतरली. बाहेर प्रवाह वाढत होता आणि त्याच्याबरोबर ढीगही. बाजूच्या खिडक्याही आता झाकल्या जात होत्या. निरीक्षकांचा श्वास मला ऐकू येत होता, लहान मुलाला ताप आल्यावर चालतो तसा. हा माणूस माझ्या वाक्याची साक्ष द्यायला इथे आला होता. त्याला घरी कोण आहे, हेही मी विचारलं नव्हतं.

"भिंगरी," भाऊजी म्हणाले. त्यांनी मला या नावाने कधी हाक मारली नव्हती. "मी तुला नको म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. माझीही चूक आहे. आता दांडा ओढ."

मी झाकण उघडलं. दांडा धरला. रडू येत होतं, रागही येत होता, सगळा स्वतःचाच. मी ओढला.

खाड्!

टोपली सुटली. हंडा जागचा हलला नाही.

एक, दोन, तीन, चार. मग प्रवाहाने ती सुटी टोपली पकडली. तिला बांधलेले दोर ताणले गेले, हंड्याच्या पोटाखालून काहीतरी खरखरत, घासत, फाटत गेलं. हंडा आणखी कलला. इतका कलला की मी निरीक्षकांच्या खांद्यावर जाऊन पडले. आणि उजवीकडून जड लोखंड गडगडल्याचा आवाज आला.

सुटलो! हंडा उसळी मारून वर निघाला, गिरकी घेत, अंगावर प्लॅस्टिकच्या चिंध्या मिरवत. तेवीसशे. बावीसशे. भाऊजींनी फोन उचलला आणि म्हणाले, "निघालो." मग ताई नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात म्हणाली, "खोली सांगा," आणि तिचा आवाज फाटला.

वर यायला दीड तास लागतो. त्यातला पहिला अर्धा तास मी भिंतीकडे तोंड करून बसले. तळावर आम्ही एक टोपली, एक कॅमेरा आणि दोन्ही बाजूंची वजनं ठेवून आलो होतो, म्हणजे त्या ढिगात आमचीही भर पडली होती. मग एक विचार मनात आला आणि जरा धीर आला.

"साहेब," मी म्हणाले, "माझ्याकडे पुरावा राहिला नाही. हंड्याला अडकलेल्या चिंध्या कुठूनही वाहत आल्या असं म्हणतील. पण तुम्ही पाहिलंत. तुमची साक्ष पुरेशी आहे."

निरीक्षकांनी मांडीवरचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या.

"बाई, मी काही पाहिलं नाही."

"म्हणजे? खातं असं म्हणायला सांगणार तुम्हाला?"

"खात्याचा संबंध नाही. मी डोळे मिटून बसलो होतो. झाकण लागलं तेव्हापासून. मला बंद जागेची भीती वाटते. खात्यातल्या साहेबांनी पाठवलं, नाही म्हणता आलं नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "तुम्ही विचारलंत तेव्हा हं म्हणालो. लाज वाटत होती."

यावर रागावून उपयोग नव्हता. मी घाबरले होते तेव्हा निदान दांडा माझ्या हातात होता. या माणसाच्या हातात फाईलशिवाय काही नव्हतं.

झाकण उघडलं तेव्हा दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं. ताईने आधी नवऱ्याच्या दंडावर चापट मारली, मग माझ्या, आणि दोघांना एकदम मिठीत घेतलं. तिच्या खांद्यावरून मला दिसलं, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गाळाची बोट उभी होती. काठोकाठ भरलेली, पाण्यात खोल बसलेली.

"उद्याची खेप आज काढलीय त्यांनी," ताई म्हणाली. "तुम्ही खाली अडकलात म्हटल्यावर इंजिन बंद करून थांबलेत बिचारे. कप्तान दर दहा मिनिटांनी विचारतोय."

रेडिओ वाजलाच. "बाई सुखरूप आल्या का?"

"आले," मी म्हणाले.

"बरं झालं. आमच्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुम्ही जरा दूर व्हा म्हणजे आम्ही बोटीच्या बुडाची दारं उघडून गाळ सोडून घेतो. काळोख पडायच्या आत परत पोचायचंय."

मी निरीक्षकांकडे वळले. "त्यांना थांबवा."

"मला तो अधिकार नाही. परवाना आजही चालू आहे." ते सावलीत बसून पाणी पीत होते. "तुम्ही असं करा, नमुने मिळाले नाहीत एवढंच लिहा. ते खरंही आहे. वर्षभराने पुन्हा उतरू. तोवर जुना अहवाल चालेल. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही."

वर्षभर. आठवड्याला तीन बोटी. मी मनातल्या मनात ते सगळे ढीग त्या नाळेत उतरताना पाहिले.

"आणि आत्ताच थांबवायचं असेल तर?"

त्यांनी फाईल चाळली आणि तळातून एक कोरा फॉर्म काढला. "परवाना तुमच्या अहवालावर दिलाय. अहवाल देणाऱ्याने स्वतः लेखी मागे घेतला, तर मी त्याच मिनिटाला बोट अडवू शकतो. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून नाही. हा फॉर्म आजवर कोणी भरलेला नाही, बाई. भरलात तर चौकशी तुमची होईल. त्या दुसऱ्या तीन बंदरांतूनही विचारणा येईल. खुर्ची राहणार नाही."

भाऊजींनी खिशातून पेन काढलं. माझ्या हातात दिलं नाही, शेजारी ठेवलं.

कारण लिहायला फॉर्मवर दोनच ओळी होत्या. मी लिहिलं, 'ज्या चित्रांत प्लॅस्टिक होतं ती माझ्याच नियमाने मी बाद केली, चार हजारांपैकी तेराशे. ती संस्थेत आहेत, कोणीही बघावीत. दरीचा तळ स्वच्छ नाही.' खाली सही केली. अकरा वर्षांपूर्वीची सही मी ऐटीत, लांब शेपूट काढून केली होती. या वेळी नुसतं नाव लिहिलं, वाचता येईल असं.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. खाली वेळ घातली, स्वतःची सही केली आणि रेडिओ उचलून बोटीला थांबायचा हुकूम दिला. मग त्यांनी रेडिओ माझ्याकडे दिला, कारण कप्तान माझ्याशी बोलायचं म्हणत होता.

"बाई, तुमचाच कागद आमच्या केबिनमध्ये लावलेला आहे. त्यावर लिहिलंय स्वच्छ आहे म्हणून."

"ते मी चुकीचं लिहिलं होतं. कागद काढून टाका."

"मग आता हे सगळं मी कुठे नेऊ?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "परत बंदरात न्या. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

तो काहीतरी पुटपुटला, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. बोटीचं इंजिन सुरू झालं. तिने मोठा वळसा घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती भरलेल्या पोटाने बंदराकडे परत चालली होती.